मोकळा माणूस

“मेंदू बिघडल्यामुळे एखादा माणूस आधीपेक्षा चांगला होऊ शकतो का?”

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं, आवाज माझा, उठताना जी केकाटली ती खुर्चीही माझीच. पण प्रश्न रचला होता माझ्या दोन मैत्रिणींनी, रेडिओनं आणि पेन्सिलनं, माझ्या दोन बाजूंना बसून, वहीच्या आडून खुसखुसत. गणिताचे सर पहिल्या रांगेत होते, पाठ अशी ताठ की जणू शर्टातून हँगर काढायचा राहून गेलाय, आणि रेडिओचं म्हणणं असं की त्या मेंदूत जरा बिघाड झाला तर अख्ख्या शाळेचं कल्याण होईल, तेव्हा विचार त्या व्याख्यानाला आलेल्या बाईंना, हिंमत असेल तर. आता मला कुणी असं म्हणायचं कामच नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट वेगळी होती. तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणताना माझा आवाज घशातच बसकण मारायचा, आणि एकदा तर मी वर्गात असूनही महिनाभराची निम्मी हजेरी बुडाली होती. आता माझं नाव भोंगा. नाटकात मी, वादविवादात मी, बंद पडलेल्या बसच्या ड्रायव्हरशी भांडायला पुढे मीच. सभागृह हसलं. मी ते हसू जरा अंगावर घेतलं, थंडीत ऊन घेतात तसं, आणि मुद्दाम उशिरा खाली बसले.

पाहुण्या बाई हसल्या नाहीत. त्या एका संशोधन संस्थेत मेलेल्या माणसांच्या मेंदूचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ते ऐकल्यावर पेन्सिलनं डबा परत दप्तरात घातला होता. मला मात्र त्या पहिल्या पाच मिनिटांतच आवडल्या होत्या. त्यांनी पडद्यावर एक मज्जापेशी दाखवली, लांबच लांब, आणि म्हणाल्या की हिच्या आत रूळ असतात. या टोकाचा माल त्या टोकाला त्यांच्यावरून जातो. त्या रुळांना बिलगून एक प्रथिन असतं, त्याचं नाव टाऊ. मुळात तो एक सैल धागा. पण रुळाला धरून असतो तोवर रूळ जागच्या जागी राहतात. काही कारणानं तो रुळावरून सुटतो. मोकळा फिरता फिरता त्याची चुकीची घडी पडते, आणि ती घडी अशी घट्ट, की काही केल्या उलगडत नाही. एवढंच असतं तरी निभलं असतं, बाई म्हणाल्या. पण चुकलेला धागा शेजारच्या धडक्या धाग्याला गाठतो आणि त्यालाही तीच घडी शिकवतो. मग गुंता, मग शेजारची पेशी, मग तिच्या शेजारची. शिकवतो, हा शब्द मला फार आवडला होता. वाटलं, वर्गातसुद्धा असंच होतं, रेडिओकडून पेन्सिलला, पेन्सिलकडून मला. आणि रूळ तर मला घरचेच होते. माझा बाबा लिफ्ट तपासणारा निरीक्षक. लिफ्टची गाडी दोन उभ्या रुळांमधून चालते, ते रूळ भिंतीला क्लिपांनी धरलेले असतात, हे मला पाढ्यांच्या आधीपासून ठाऊक आहे. बाबा म्हणायचा, क्लिप सैल झाली तर लगेच काही होत नाही. लिफ्ट चालत राहते. लोक चढतात, उतरतात, आरशात केस नीट करतात. वाईट काय, तर हेच.

“हो,” बाई म्हणाल्या. “होऊ शकतो. निदान घरच्यांना तसं वाटतं.”

हसू विझलं. बाईंनी पुढच्या टेबलाला टेकून हात बांधले. त्या म्हणाल्या की टाऊचा गुंता प्रत्येक वेळी आठवणीपासूनच सुरू होतो असं नाही. काही जणांत तो कपाळामागे सुरू होतो, जिथे आपला लगाम असतो. अशा माणसाला सगळं आठवतं. चाव्या सापडतात, वाढदिवस पाठ असतात. फक्त तो बदलतो. त्यांच्या दवाखान्यातल्या सहकाऱ्यांकडे एक बायको आली होती. तिचा नवरा आयुष्यभर घुम्या, शिस्तीचा; पन्नाशीच्या आत-बाहेर एकाएकी मोकळा झाला. अनोळखी माणसांशी गप्पा, विनोद, गोड खाण्याचा सोस, राग नाही, काळजी नाही. बायकोला वाटलं, देवानं ऐकलं. तीन वर्षं ती सुखात होती. मग एक दिवस तिच्या पायावर उकळतं पाणी सांडलं, ती खाली बसून ओरडत होती, आणि नवऱ्यानं ते पाणी नीट ओलांडलं आणि विचारलं, आता चहाला दुसरं आधण ठेवावं लागेल ना?

कुणीतरी मागे ‘अरे देवा’ म्हणालं. रेडिओनं मला कोपर मारलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. एखादं गाणं ओळखल्यावर होतो तसा. “ए भोंग्या,” ती कुजबुजली, “हा तर तुझा बाबा.”

आणि ती हसली. पेन्सिलही हसली. मीही हसले. माझ्या तोंडानं ते आपलं आपण केलं, मला न विचारता. पुढचे प्रश्न मी ऐकले नाहीत. समोर सरांची ताठ पाठ होती, पडद्यावर जांभळट डागांमध्ये तपकिरी ज्वाळा होत्या, त्या ज्वाळा म्हणजेच गुंते असं बाई सांगत होत्या, आणि मी माझं उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून बसले होते. ते मोडलं होतं गेल्या वर्षी. आमच्या इमारतीच्या जिन्यात मी पाय घसरून पडले, हात खाली आला, आणि मनगट नळासारखं वाकडं झालं. बाबा वरच्या पायरीवर शेजाऱ्यांना विनोद सांगत होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, विनोद पुरा केला, शेवटची ओळ सावकाश, टाळीसाठी थांबून; मग म्हणाला, “हे बघा, आमच्या घरचा नळ वाकला.” शेजारी धावत खाली आले. मला दवाखान्यात त्यांनीच नेलं. प्लास्टर घालून वर्गात गेल्यावर मी हा सगळा प्रसंग करून दाखवला होता, बाबाचा आवाज, त्याचं थांबणं, माझं पायरीवरचं ध्यान, आणि वर्ग कोसळला होता हसून. तोच माझा पहिला प्रयोग. भोंगा हे नाव त्याच दिवशी पडलं. त्या दिवशी घरी जाताना रस्ता रुंद झाल्यासारखा वाटला होता, आणि मी मनात म्हटलं होतं, माझा बाबा किती भारी आहे, दुसऱ्या पोरींचे बाप नुसते घाबरले असते.

घाबरले असते. हे दोन शब्द तिथे सभागृहात परत ऐकू आले आणि त्यांच्या मागून एक जुना चेहरा आला, जो मी विसरूनच गेले होते. पूर्वीचा बाबा. त्याला मी ‘तुम्ही’ म्हणायचे. तो जेवताना बोलायचा नाही, बूट भिंतीला समांतर ठेवायचा, आई काही सांगायला लागली की ऐकून घेऊन फक्त ‘बरं’ म्हणायचा. आई म्हणायची, या माणसाशी संसार करणं म्हणजे टपालपेटीशी बोलणं, टाकत राहा, उत्तराची वाट बघू नका. मला त्याची भीती वाटायची. पण लहानपणी माझ्या बोटात सुई गेली होती तेव्हा त्याच बाबाचा चेहरा पांढरा पडला होता. काही बोलला नाही तो. जमिनीवर बसला आणि माझं बोट दोन्ही हातांत धरून राहिला, रक्त थांबल्यावरही, मी झोपेला आल्यावरही. मग कधीतरी, नेमकं कधी ते आम्हा दोघींनाही सांगता येणार नाही, तो सैल होत गेला. मला म्हणाला, तुम्ही काय म्हणतेस, मी काय तुझा हेडमास्तर आहे, अरेतुरे कर. मला बाईसाहेब म्हणायला लागला. दुकानात, बसथांब्यावर, रांगेत, जिथे उभा तिथे त्याची मैफल. रात्रीचं जेवण झालं की साखरेचा डबा मांडीवर. आई दिवसभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. ती घरी येऊन हसायला लागली. शेजारीपाजारी, नातेवाईक, सगळे एकच म्हणायचे: मोकळा झाला हो माणूस. आणि त्या मोकळ्या माणसाच्या सावलीत मी वाढले, बोलायला लागले, भोंगा झाले. मला वाटायचं, या बाबाचं माझ्यावर प्रेम आहे, आधीच्याचं नव्हतं. आता खुर्चीत बसल्या बसल्या हे असं उलटं झालं, मोजा उलटा करावा तसं, आणि आतली सगळी शिवण दिसायला लागली.

कार्यक्रम संपल्यावर मी बाईंकडे गेले. रेडिओला वाटलं सही घ्यायला. बाई तारा गुंडाळत होत्या. मी म्हटलं, मला अजून एक विचारायचंय, हे मैत्रिणीबद्दल आहे. मैत्रीण म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं.

“तिचे वडील असे मोकळे झालेत. म्हणजे तोच रोग का?”

“नाही, तसं नाही म्हणता येत. माणसं बदलायला शंभर कारणं असतात. मन उदास असलं तरी बदलतात, औषधांनी बदलतात, काही वेळा नुसती वयानं शहाणी होतात. हे व्याख्यान ऐकून कळत नाही, तपासावं लागतं.”

“आणि तोच निघाला तर औषध?”

“ती घडी उलगडणारं औषध आजतरी नाही. शोधतोय आम्ही.” तार गुंडाळताना त्या म्हणाल्या, “पण लवकर कळलं तर बरंच सावरता येतं. माणसाला नाही तर निदान त्याच्या भोवतीचं. काय करतात मैत्रिणीचे वडील?”

“लिफ्ट तपासतात.”

त्यांचा हात थांबला. “तपासायचे, की अजून तपासतात?”

मी दप्तर खांद्यावर घेतलं. पेन्सिल दारातून हाका मारत होती.

बाबानं सकाळीच बजावलं होतं, शाळा सुटली की सरळ माझ्या कामावर ये, मागच्या रस्त्यावर ती नवी रंगवलेली इमारत, काम झालं की आइस्क्रीम. मी चालत निघाले. रस्ता तोच होता, चपला शिवणाऱ्याची खोकी, बँकेच्या काचा, पाण्याच्या टाकीखाली झोपलेली कुत्री. पण सगळं थोडं पुढे आल्यासारखं दिसत होतं, ताप चढायच्या आधी दिसतं तसं. बँकेच्या काचेत एक मुलगी मोठमोठी पावलं टाकत येत होती, दप्तर एका खांद्यावर, मान वर, कुणाच्या बापाला न भिणारी. मी थांबले, ती थांबली. बाई सगळ्यांसमोर आणखी एक गोष्ट बोलल्या होत्या, जाता जाता, की काही घराण्यांत हे पिढीतून पिढीत उतरतं. आमचे आजोबा, बाबाचे वडील, म्हणे उतारवयात सुटले होते. हा घरातला ठरलेला विनोद. सुटले होते, म्हणजे भर सभेत साहेबांच्या टकलावर टपली मारली होती, आणि अनोळखी लग्नात जाऊन नाचले होते. आम्ही पोट धरधरून हसायचो. मी काचेतल्या त्या मुलीला विचारलं, तुझं हे धाडस कुणाचं आहे गं? तुझं तुझं आहे, की तुझ्या कपाळामागेही कुणीतरी रूळ सोडलाय? पंधराव्या वर्षी असं काही सुरू होत नसतं, हे मला कळत होतं. पण कळणं एकीकडे चाललं होतं आणि पाय दुसरीकडे. मी लहानपणी गप्प होते ती मीच होते ना? मग ही कोण? आणि मला ही सोडवत नव्हती. मला भोंगाच राहायचं होतं. एवढी ओढ मला कधी कशाचीच वाटली नव्हती, आणि त्याची मला लाजही वाटत होती, कारण विचार बाबाचा करायचा होता.

त्या इमारतीच्या तळमजल्यावर गार फरशी आणि ताज्या रंगाचा वास होता. लिफ्ट तळमजल्यावर उभी, दार उघडं, आत अंधार. बाजूच्या भिंतीवर लिफ्टची वीज जिथून तोडतात ती लोखंडी पेटी. मी लहान असताना रविवारी बाबा मला कामावर न्यायचा, हत्यारांच्या पिशवीवर बसवायचा, आणि एकही शब्द न बोलता एक पूजा मांडल्यासारखं काम सुरू करायचा. आधी वीज बंद. मग पेटीला कुलूप. कुलूप स्वतःचं, किल्ली स्वतःच्या खिशात, आणि आत उतरलेला शेवटचा माणूस डोळ्यांसमोर उभा राहत नाही तोवर ती किल्ली देवालाही द्यायची नाही. हे एवढंच एक वाक्य तो मला समजावून सांगायचा, दर वेळी तेच. मग तो तळाच्या खड्ड्यात उतरायचा आणि रुळावर तळवा ठेवून उभा राहायचा, डोळे मिटून.

आज तो पेटीजवळ उभा होता आणि एका म्हाताऱ्या बाईंशी हसून बोलत होता. बाईंच्या दोन्ही हातांत सामानाच्या पिशव्या होत्या.

“सातव्या मजल्यावर जिने चढून जाणार तुम्ही? मी असताना?” बाबा म्हणाला. “अहो, मग मी इथे काय भिंतीला टेकू द्यायला उभा आहे का?”

“किती हो चांगले तुम्ही,” आजी म्हणाल्या. “मागचे निरीक्षक तर खेकसायचे नुसते.”

बाबानं खिशातून किल्ली काढली. कुलूप काढलं. खटका वर केला. आत दिवा लागला, लिफ्ट गुणगुणली. आजींना त्यानं कमरेत वाकून आत जायची खूण केली, आणि मीही हसत पुढे होत होते, सवयीनं, त्याच्या मैफलीत सामील व्हायला. तेवढ्यात मला ती जाळी दिसली. भिंतीला टेकून उभी केलेली, माणसाच्या उंचीची लोखंडी जाळी, शेजारी तिचे स्क्रू एका झाकणात. लिफ्टची गाडी वर गेली की तिच्याइतकंच एक उलटं वजन, लोखंडाच्या विटांची एक अख्खी भिंत, खाली येतं. खड्ड्यात माणूस काम करत असेल तर तो त्याच्या वाटेत जाऊ नये म्हणून ही जाळी असते. ती काढतात ती फक्त तिथे खाली काम असलं की. आणि काम असलं की खाली पहिलवानकाका असतात, बाबाचे जोडीदार मेकॅनिक.

दार सरकत होतं. मी मध्ये घुसले. दार माझ्या खांद्याला लागलं, मागे गेलं, परत आलं, परत लागलं.

“बाईसाहेब, हे काय, आजींना उशीर होतोय,” बाबा म्हणाला.

“आजी, बाहेर या. आधी बाहेर या तुम्ही.” माझा आवाज त्या रिकाम्या जागेत इतका मोठा आला की आजींची पिशवी सुटली. “पहिलवानकाका. काका, कुठे आहात?”

खालून, तळघराच्याही खालून, विहिरीतून यावा तसा आवाज आला. “अगं, इथे खड्ड्यात. वायर चढवतोय. दिवा का लागला गं वर?”

मी बाबाकडे पाहिलं. मला काय बघायचं होतं ते मला नक्की माहीत आहे. मला त्याचा चेहरा पांढरा पडलेला बघायचा होता. त्यानं भिंत धरलेली, तोंडातून शब्द न फुटणारा, एवढंच, एका क्षणापुरता. मग मी त्याला सगळं माफ केलं असतं, त्या मेंदूवाल्या बाईंना खोटं ठरवलं असतं. बाबा हसत होता. दूध गॅसवर राहिलंय हे आठवावं तितपत त्याच्या भुवया वर गेल्या. “अरे हो,” तो म्हणाला, “तो खाली आहे नाही का.” आणि आजींची घरंगळलेली फळं उचलायला वाकला.

खटका मीच पाडला. पहिलवानकाका जिन्यानं वर आले, पेटी बघितली, उघडं कुलूप बघितलं, आणि एवढा आडदांड माणूस फरशीवर बसला, पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. कितीतरी वेळ आपल्याच तळहातांकडे बघत होता. बाबा आजींना जिन्यातून पोचवायला गेला होता, दोन्ही पिशव्या स्वतः घेऊन; वरून त्याचं बोलणं आणि आजींचं हसणं मजल्यामजल्यानं लांब जात होतं.

“हे पहिल्यांदा झालं का काका?” मी विचारलं.

“असं नाही झालं कधी. पण बारीकसारीक...” ते थांबले. “आम्ही मागून परत बघून घेतो गं सगळं. त्याच्या सह्या झाल्यावर. साहेबांना कुणी सांगायचं? पूर्वी त्याच्याबरोबर काम म्हणजे शिक्षा वाटायची. आता सगळ्यांना त्याच्याच जोडीला जायचं असतं. इतका छान माणूस झालाय. अशा माणसाच्या पोटावर कोण पाय देणार?”

“आणि आज?”

“आज तू होतीस.” त्यांनी कपाळ पुसलं. “घरी नको बोलूस. तुझी आई बिचारी आत्ता कुठे...”

आइस्क्रीम आम्ही खाल्लं. हे मला सांगायलाच हवं, कारण ते सगळ्यात भयंकर होतं. बाबानं दोन खाल्ली, दुकानदाराला विनोद सांगितला, माझं वितळायला लागलं तर तेही घेतलं. मी त्याच्या शेजारी चालत होते आणि त्याचा हात माझ्या हातात होता, गरम, ओळखीचा, अंगठ्यावर तोच जुना व्रण, आणि तो हात धरून मी त्याला शोधत होते.

घरी आई कपड्यांच्या घड्या करत होती. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, सभागृह, बाई, पाणी ओलांडणारा नवरा, जाळी, किल्ली. मधे थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. आईचे हात चालत राहिले. एक टॉवेल तिनं घडी घातला, मोडला, परत घातला.

“विसरला असेल,” ती म्हणाली. “कामाच्या गडबडीत माणूस विसरतो.”

“विसरला म्हणून नाही गं. आठवल्यावर त्याला काहीच वाटलं नाही.”

“तुम्हा पोरांना शाळेत काहीतरी सांगतात आणि तुम्ही घरी येऊन आईबापांना आजार वाटत सुटता.” मग एकदम तिचा आवाज बसला. “मागच्या महिन्यात माझा भाऊ वारला. मी रडत होते, तर तुझ्या बाबानं मला विचारलं, टीव्हीचा आवाज वाढवू का. मी म्हटलं, माझं मन रमवायला बघतोय.” ती माझ्याकडे बघेना. “इतकी वर्षं मी एका हसऱ्या शब्दाला तरसले. आता घरात हसू आलंय, ते तू मला परत करायला सांगतेस. तुला तो पूर्वीचा हवाय का? बोल ना. घाबरायचीस तू त्याला.”

“पूर्वीचा येणारच नाहीये, आई.”

हे मी बोलले तेव्हा मला कळलं, की हेच मी दुपारपासून गिळत होते. आईनं टॉवेल तोंडाशी धरला. आवाज न करता रडता येतं तिला, टपालपेटीच्या संसारात शिकलेली. मी तिच्याजवळ गेले नाही. गेले असते तर मीही कोसळले असते आणि मग दोघींनी मिळून उद्याचा दिवस ढकलला असता, परवाचाही, आणि पहिलवानकाका खाली उतरत राहिले असते.

बाबा साखरेचा डबा घेऊन आत आला आणि सोफ्यावर बसला. आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं, नाटकाला उशिरा आलेल्या माणसासारखं. “कुणाबद्दल चाललंय एवढं?”

“तुझ्याबद्दल,” मी म्हणाले.

“अरे वा,” बाबा म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं. चमचा डब्यात तसाच ठेवून तो नीट ऐकायला बसला, मान किंचित तिरकी करून, आणि त्या मान तिरकी करण्यात इतका जुना, इतका पूर्वीचा काहीतरी अंश होता, की माझं धैर्य एकदम पाण्यासारखं झालं. हे धैर्य कुणाकडून आलंय, खरं आहे की गुंता आहे, मला माहीत नव्हतं. जे होतं ते एवढंच होतं आणि तेच वापरायचं होतं. आईनं तोंडावरचा टॉवेल काढला. ती नकारार्थी मान हलवत होती, अगदी बारीक, फक्त मला दिसेल अशी.

“उद्या मी शाळेत जाणार नाही,” मी म्हणाले. “उद्या मी बाबाबरोबर त्याच्या कचेरीत जाणार आहे आणि त्याच्या साहेबांना आज काय झालं ते सांगणार आहे. यापुढे बाबानं एकाही लिफ्टवर सही करायची नाही आणि कुणाच्याही जिवाची किल्ली खिशात ठेवायची नाही. नोकरी जाईल, ठाऊक आहे मला. लोक म्हणतील पोरीनं बापाच्या तोंडचा घास काढला, म्हणू देत, आई, तूसुद्धा म्हण. आणि तिथून आम्ही डॉक्टरकडे जाणार. तू आलीस तर मला फार बरं वाटेल. नाही आलीस तरी मी त्याला नेणार आहे.”